बारडोलीच्या स्मृतिखुणा : एका लहान शहराच्या मध्यवस्तीतील इतिहास

सुरतेच्या पूर्वेस सुमारे पस्तीस किलोमीटरवर, मिंढोळा नदीच्या काठी वसलेले बारडोली हे २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे साठ हजार लोकवस्तीचे तालुक्याचे ठिकाण असून, भारतीय स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात मात्र त्याचे स्थान त्याच्या आकाराच्या मानाने फार मोठे आहे. १९२२ मध्ये देशव्यापी कायदेभंग याच ठिकाणाहून सुरू व्हायचा होता आणि याच ठिकाणी तो थांबवला गेला. १९२८ मध्ये शेतसाऱ्याच्या वाढीविरुद्ध येथील शेतकऱ्यांनी दिलेला लढा यशस्वी झाला आणि वल्लभभाई पटेल यांचे ‘सरदार’ हे नाव त्यातून रूढ झाले. पुढील पानांत या शहराच्या मध्यवस्तीत आणि तिच्या लगतच्या परिसरात आढळणाऱ्या ऐतिहासिक जागा, वास्तू व खुणा यांचा परिचय करून दिला आहे. तो वाचण्यापूर्वी या खुणांच्या स्वरूपाविषयी एक गोष्ट ध्यानात घेणे अगत्याचे आहे. बारडोलीतील स्मृतिस्थळे नेत्यांविषयी आणि विजयाविषयी स्पष्टपणे बोलतात; परंतु या लढ्याचे बळ ज्या गावोगावच्या संघटनेत होते आणि त्याची मर्यादा ज्या भूमिहीन मजुरांच्या जीवनात दिसून आली, त्यांच्याविषयी त्या फार थोडे सांगतात. म्हणून येथील प्रत्येक खूण तिच्यामागील कागदपत्रांसह आणि तिच्या अवतीभवतीच्या तालुक्यासह वाचावी लागते, अशी या विवेचनामागची भूमिका आहे.

ऐतिहासिक खुणांचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतात. जेथे घटना प्रत्यक्ष घडली किंवा जेथे ती घडवणारी माणसे राहिली, ती मूळ जागा हा पहिला प्रकार. घटनेनंतर तिच्या स्मरणार्थ मुद्दाम उभारलेले स्मारक, पुतळा किंवा संग्रहालय हा दुसरा. आणि एखाद्या जागेचे महत्त्व चार ओळींत सांगणारा फलक हा तिसरा प्रकार होय. तिसऱ्या प्रकाराची जगभर परिचित असलेली परंपरा लंडनमध्ये सुरू झाली. तेथे १८६७ मध्ये कवी बायरन यांच्या जन्मस्थानी पहिला फलक लावण्यात आला आणि पुढे या फलकांना मिळालेला निळा रंगच त्यांची ओळख बनला. पुण्यातही नामवंत व्यक्तींच्या निवासस्थानांवर लावलेले निळे फलक मराठी वाचकांनी पाहिलेले असतात. भारतात प्राचीन स्मारकांच्या संरक्षणासाठी १९५८ मध्ये केलेल्या केंद्रीय कायद्यात किमान शंभर वर्षांचे अस्तित्व ही प्रमुख अट घातलेली आहे. ही अट मंदिरे, किल्ले आणि थडगी यांच्या बाबतीत अडचणीची ठरत नाही, परंतु विसाव्या शतकातील लोकलढ्यांशी निगडित असलेल्या साध्या कौलारू इमारती, सभेची मैदाने आणि कार्यकर्त्यांच्या खोल्या तिच्या कक्षेत फार उशिरा येतात आणि तोपर्यंत त्यांपैकी अनेक नाहीशा झालेल्या असतात. अशा जागांचे जतन बहुधा विश्वस्त संस्था, राज्य शासन आणि स्थानिक लोक यांच्या आस्थेवर अवलंबून राहिले आहे, आणि बारडोली त्याचे ठळक उदाहरण आहे.

बारडोलीची जडणघडण समजण्यासाठी तिच्या भूगोलाकडे पाहणे आवश्यक आहे. सुरतेहून निघणारा आणि सोनगड, नवापूर, धुळे या वाटेने नागपूरकडे जाणारा महामार्ग बारडोलीवरून जातो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधल्या गेलेल्या ताप्ती व्हॅली रेल्वेनेही हे गाव एका बाजूने सुरतेशी आणि दुसऱ्या बाजूने खानदेशाशी जोडले. ब्रिटिश अमलात बारडोली तालुका मुंबई इलाख्याच्या सुरत जिल्ह्यात मोडत असे आणि त्याच्या शेजारची अनेक गावे गायकवाडांच्या बडोदा संस्थानात होती. ही सरहद्द पुढे लढ्याच्या काळात निर्णायक ठरली, कारण इंग्रजी हद्दीत जप्ती आली म्हणजे शेतकऱ्याला काही मैलांवर वेगळ्या राजवटीचा आसरा मिळू शकत होता. १ मे १९६० पर्यंत महाराष्ट्र आणि गुजरात यांचा कारभार बव्हंशी एकाच मुंबई राजधानीतून चालत असल्यामुळे बारडोलीच्या इतिहासाची बरीच कागदपत्रे आणि अनेक महत्त्वाचे प्रसंग मुंबई-पुण्याशी निगडित आहेत, ही गोष्ट मराठी वाचकाला या विषयाच्या अधिक जवळ आणणारी आहे.

मिंढोळेच्या काठचे केदारेश्वराचे मंदिर हे शहराचे जुने श्रद्धास्थान असले, तरी बारडोलीच्या सार्वजनिक स्मृतीचा प्रारंभ साधारणपणे असहकाराच्या काळापासून मानला जातो. सामूहिक कायदेभंग, म्हणजे एका संपूर्ण प्रदेशातील जनतेने ठरवून आणि शांततेने सरकारचे आदेश नाकारणे, हा प्रयोग कोठे करावा याचा विचार चालू असताना महात्मा गांधींनी बारडोली तालुक्याची निवड केली. खादीचा स्वीकार, अस्पृश्यतानिवारण, हिंदू-मुस्लिम ऐक्य, राष्ट्रीय शिक्षण आणि अहिंसेवरील निष्ठा या अटी तालुक्याने पूर्ण कराव्यात, अशी त्यांची अपेक्षा होती. २९ जानेवारी १९२२ रोजी येथे तालुका परिषद भरली आणि १ फेब्रुवारीला गांधींनी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांना पत्र लिहून आपला निश्चय कळवला. त्यानंतर चारच दिवसांच्या आत संयुक्त प्रांतातील चौरीचौरा येथे जमावाने पोलिस ठाणे पेटवले व त्यात पोलिसांचे प्राण गेले. ११ आणि १२ फेब्रुवारीला काँग्रेस कार्यकारिणीची बैठक बारडोलीतच झाली आणि तीत सामूहिक कायदेभंग स्थगित करण्याचा ठराव मंजूर झाला. शहरात ‘ऐतिहासिक आंबा’ म्हणून जी जागा दाखवली जाते, तिच्याशी लोकस्मृतीने गांधींच्या स्वराज्याच्या आवाहनाचा संबंध जोडला आहे. झाडासारख्या सजीव खुणेचे मोल तिच्या पुराव्याच्या काटेकोरपणावर ठरत नाही. एका शेतकरी समाजाने आपल्या आयुष्यातील मोठा क्षण कोणत्या सावलीत आठवायचे ठरवले, हे तिच्यावरून कळते, आणि तेही इतिहासाचे एक साधनच असते.

बारडोलीतील सर्वांत महत्त्वाची मूळ जागा म्हणजे स्वराज आश्रम. येथे ‘आश्रम’ या संज्ञेचा अर्थ धार्मिक मठ असा घ्यावयाचा नसून, राष्ट्रीय कार्याला वाहून घेतलेल्या कार्यकर्त्यांचे एकत्र निवासाचे, सूतकताईचे, शिक्षणाचे आणि संघटनेचे केंद्र असा घ्यावयाचा आहे. १९२२ च्या स्थगितीनंतर या तालुक्यातील कार्य ओसरले नाही, उलट ते संथपणे मुरत गेले. बारडोली, सरभोण, वराड, वेडछी अशा ठिकाणी कार्यकर्ते राहू लागले, आणि कुंवरजी मेहता, कल्याणजी मेहता आणि जुगतराम दवे यांच्यासारख्या माणसांनी चरखा, शाळा व दारूबंदी यांच्या निमित्ताने गावागावांत सतत संबंध राखला. १९२८ चा लढा या सहा वर्षांच्या संबंधांवर उभा होता. म्हणून स्वराज आश्रमाच्या आवारात फिरणाऱ्या वाचकाने तेथील सरदारांच्या निवासाइतकेच खादीच्या कामाकडेही लक्ष द्यावे. तेथील सरदार पटेल संग्रहालयातील छायाचित्रे विजयाची कथा सांगतात, तर खादीचे काम त्या विजयाची पूर्वतयारी सांगते.

लढ्याचे कारण समजण्यासाठी रयतवारी जमाबंदीची पद्धत माहीत असणे जरूरीचे आहे. या पद्धतीत सरकार जमीन कसणाऱ्या खातेदाराकडून थेट शेतसारा घेत असे आणि साधारणपणे दर तीस वर्षांनी गावांची पुन्हा पाहणी करून साऱ्याचे दर नव्याने ठरवत असे. या फेरपाहणीला जमाबंदी किंवा ‘सेटलमेंट’ म्हणत. बारडोलीत अशी पाहणी १९२५-२६ मध्ये डेप्युटी कलेक्टर एम. एस. जयकर यांनी केली आणि सुमारे तीस टक्के वाढ सुचवली. जमाबंदी आयुक्त अँडरसन यांनी तिचा आधार बदलला व जमिनीच्या खंडाचे आकडे प्रमाण मानून एकोणतीस टक्क्यांची शिफारस केली. मुंबई सरकारने अखेरीस सुमारे बावीस टक्के वाढ मंजूर केली. शेतकऱ्यांचा आक्षेप केवळ वाढीच्या आकड्याला नव्हता. ज्या आकडेवारीवर ही वाढ आधारलेली होती ती गावात जाऊन नीट तपासलीच गेली नाही, असे त्यांचे म्हणणे होते आणि म्हणून निःपक्षपाती चौकशी हीच त्यांची मुख्य मागणी होती. १२ फेब्रुवारी १९२८ रोजी बारडोलीतील परिषदेत वल्लभभाईंच्या अध्यक्षतेखाली असा ठराव झाला, की सरकार स्वतंत्र लवाद नेमत नाही किंवा जुना सारा पूर्ण भरणा म्हणून स्वीकारत नाही, तोपर्यंत सारा भरावयाचा नाही. सहा वर्षांपूर्वी ज्या तारखेला याच गावी माघारीचा ठराव झाला होता, त्याच तारखेला हा नवा ठराव झाला; बारडोलीच्या स्मृतीतील हा योग शहरातील एखाद्या फलकावर कोरण्याच्या योग्यतेचा आहे.

या तालुक्यात तेव्हा सुमारे १३७ गावे व ८७ हजार लोकसंख्या होती. वल्लभभाईंनी तालुक्याचे विभाग पाडले, प्रत्येक विभागासाठी ‘छावणी’ नेमली, म्हणजे जबाबदार कार्यकर्ता आणि स्वयंसेवक यांचे ठाणे उभे केले, आणि बारडोलीतून रोज निघणारी सत्याग्रह पत्रिका गावोगाव पोचवण्याची व्यवस्था केली. रविशंकर महाराज, मोहनलाल पंड्या, दरबार गोपाळदास आणि वृद्ध अब्बास तय्यबजी यांच्याबरोबर मिठूबेन पेटिट, भक्तिबा देसाई व मणिबेन पटेल याही या कामात होत्या, आणि स्त्रिया सभांना येऊ लागल्यावर लढ्याचा पाया घराघरांत रुंदावला. सरकारी माणसे जप्तीसाठी आली की ढोल-शंख वाजवून इशारा दिला जाई, गावकरी गुरांसह घरात जाऊन दारांना आतून-बाहेरून कुलपे लावत आणि जप्त माल उचलण्यासाठी गाडी किंवा माणूस मिळत नसे. अनेक पाटलांनी व तलाठ्यांनी राजीनामे दिले. येथे स्मारकशास्त्रापुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो. किल्ला लढवला गेला तर तटबंदी मागे राहते, परंतु ज्या लढ्याचे शस्त्र बंद दार आणि न भरलेला सारा हेच होते, त्याची भौतिक खूण मागे काय राहावी? बारडोलीच्या खेड्यांतील त्या काळच्या साध्या घरांना आणि त्यांच्या कुलपांना स्मारकाचा मान मिळाला नाही, आणि त्यामुळे लढ्याचे प्रत्यक्ष रणक्षेत्र आजच्या पाहुण्याच्या नजरेबाहेर राहते.

बारडोलीचा निर्णय बारडोलीत झाला, तसाच तो पुण्यातही घडला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ मध्ये स्थापन केलेल्या पुण्याच्या भारत सेवक समाजातर्फे हृदयनाथ कुंझरू, श्रीधर गणेश वझे आणि अमृतलाल ठक्कर हे तिघे तालुक्यात आले, त्यांनी स्वतः गावे पाहिली आणि चौकशीची मागणी न्याय्य असल्याचा निष्कर्ष जाहीर केला. मवाळ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेचे मत सरकारला सहजी दूर सारता येण्यासारखे नव्हते. जुलैमध्ये गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी पुण्यात भरलेल्या कायदेमंडळात चौदा दिवसांची निर्वाणीची मुदत दिली. २ ऑगस्टला गांधी बारडोलीत येऊन राहिले, वल्लभभाई पुण्यास जाऊन अर्थखात्याचे सभासद सर चुनिलाल मेहता यांच्याशी बोलले आणि ६ ऑगस्टच्या सुमारास तडजोड झाली. तिच्यानुसार न्याय व महसूल खात्यांच्या दोन अधिकाऱ्यांची चौकशी समिती नेमायची, जप्त जमिनी परत करायच्या, कैदी सोडायचे आणि राजीनामे दिलेल्या पाटील-तलाठ्यांना पुन्हा कामावर घ्यायचे असे ठरले. समितीतील न्यायाधीश आर. एस. ब्रूमफील्ड हे गांधींना १८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादेत सहा वर्षांची शिक्षा देणारेच न्यायाधीश होते. त्यांनी आणि समितीतील दुसरे अधिकारी मॅक्सवेल यांनी गावोगाव फिरून खंडाचे आकडे तपासले आणि बावीस टक्क्यांऐवजी सुमारे सहा टक्के वाढच समर्थनीय असल्याचा अहवाल १९२९ मध्ये दिला. महादेव देसाई यांनी त्याच काळात लिहिलेला या लढ्याचा इतिहास आजही पहिला आधार आहे, आणि तो वाचल्यावाचून आश्रमातील छायाचित्रांचा अर्थ पुरता उलगडत नाही.

बारडोलीचा इतिहास १९२८ मध्ये संपत नाही, जरी येथील अनेक खुणा तेथेच थांबतात. १९३० च्या सविनय कायदेभंगात येथील शेतकऱ्यांनी पुन्हा सारा नाकारला आणि दडपशाही वाढल्यावर हजारो कुटुंबांनी घरेदारे सोडून बडोदा संस्थानाच्या हद्दीत स्थलांतर केले. या सामूहिक देशत्यागाला त्या काळी ‘हिजरत’ म्हटले गेले. त्या वेळी जप्त होऊन विकल्या गेलेल्या जमिनी बाळासाहेब खेर यांच्या मुंबई इलाख्यातील मंत्रिमंडळाच्या काळात, म्हणजे १९३७ नंतर, मूळ मालकांना परत मिळण्याची सोय झाली. फेब्रुवारी १९३८ मध्ये कडोदजवळ तापीकाठच्या हरिपुरा गावी सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि नंदलाल बोस यांनी ग्रामजीवनावर काढलेल्या चित्रांनी ते सजले. पुढच्याच वर्षी सुभाषचंद्र अध्यक्षपदी पुन्हा निवडून आल्यावर त्यांचे प्रतिस्पर्धी पट्टाभी सीतारामय्या यांचा पराभव हा आपला पराभव असल्याचे गांधींचे निवेदन ३१ जानेवारी १९३९ रोजी बारडोलीहूनच निघाले. १९४१ च्या डिसेंबरात सेवाग्रामहून बारडोलीस येताना गांधींनी रचनात्मक कार्यक्रमावरील आपली छोटी पुस्तिका गाडीत लिहिली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस कार्यकारिणी पुन्हा येथे भरली. एका लहान गावाने दोन दशके राष्ट्रीय निर्णयांचे ठिकाण म्हणून काम केले, हे या घटनाक्रमावरून दिसते, आणि म्हणून केवळ एका विजयाचे स्मारक म्हणून बारडोलीकडे पाहणे अपुरे ठरते.

परंतु ज्यांची नावे सारा भरणाऱ्यांच्या खात्यावर नव्हती, त्यांचा विचार केल्याशिवाय हा परिचय प्रामाणिक होणार नाही. या तालुक्यातील जमीन प्रामुख्याने पाटीदार व अनाविल शेतकऱ्यांकडे होती आणि त्यांच्या शेतांवर दुबळा समाजातील मजूर ‘हाळी’ पद्धतीने राबत. हाळी म्हणजे लग्नासारख्या प्रसंगी घेतलेल्या कर्जाच्या बदल्यात मालकाशी बांधला गेलेला आणि व्यवहारतः जन्मभर, कित्येकदा पिढ्यान्‌पिढ्या, त्या बंधनातून न सुटणारा शेतमजूर. गांधीवादी कार्यकर्त्यांनी या समाजासाठी ‘हळपती’ आणि डोंगराळ भागातील आदिवासींसाठी ‘रानीपरज’ ही नावे रूढ केली, त्यांच्यासाठी शाळा काढल्या आणि दारूबंदीचे काम केले. तथापि सारावाढीचा प्रश्न जमीनधारकाचा होता आणि त्यातील विजयाने मजुराची मजुरी किंवा कर्ज यांत आपोआप फरक पडला नाही. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी दक्षिण गुजरातेतील या संबंधांचा अनेक दशके अभ्यास केला असून बारडोलीच्या इतिहासाच्या कोणत्याही वाचकाने तो टाळू नये. आज बारडोली हा लोकसभेचा अनुसूचित जमातींसाठी राखीव मतदारसंघ आहे. तालुक्याच्या लोकसंख्येतील या समाजांचे स्थान लक्षात घेता शहराच्या स्मृतिस्थळांत त्यांना मिळालेली जागा फारच अपुरी वाटते.

स्वातंत्र्यानंतरच्या बारडोलीची सर्वांत मोठी खूण शहरालगत बाबेन येथे आहे. १९५५ मध्ये स्थापन झालेला बारडोलीचा सहकारी साखर कारखाना पुढे आशियातील मोठ्या कारखान्यांत गणला गेला. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभ्या केलेल्या सहकारी साखरउद्योगाची ही गुजरातेतील शाखाच म्हणावी लागेल. काकरापारचा बंधारा आणि १९७० च्या दशकातील उकाई धरण यांच्या कालव्यांचे पाणी मिळाल्यावर कापूस व ज्वारी यांची जागा उसाने घेतली. हा ऊस तोडण्यासाठी धुळे, नंदुरबार आणि जळगाव भागांतील हजारो मजूर दर हंगामात मुकादमांमार्फत उचल घेऊन येतात आणि शेतांच्या कडेला पालांत राहतात. येथेही, महाराष्ट्रातल्याप्रमाणेच, तोडणी करणाऱ्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. ज्या भूमीने शेतकऱ्याच्या न्याय्य हक्काचा आवाज देशभर पोचवला, त्याच भूमीवर उचलीच्या ओझ्याखाली काम करणाऱ्या खानदेशी मजुराचा प्रश्न उभा राहावा, ही बारडोलीच्या आजच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची बाब आहे. मराठी वाचकाचे या शहराशी असलेले नाते म्हणूनच केवळ गतकाळाचे नाही.

यावरून पुढील विवेचनाची पद्धत ठरते. प्रत्येक जागेची माहिती देताना दस्तऐवजांत आढळणारे आणि लोकपरंपरेने सांगितले जाणारे वेगळे ठेवणे आवश्यक आहे. ‘सरदार’ ही उपाधी बारडोलीच्या शेतकऱ्यांनी, विशेषतः स्त्रियांनी, दिली अशी जी परंपरा आहे, तिचा उल्लेख परंपरा म्हणूनच व्हायला हवा आणि तरीही आदराने व्हायला हवा. ठरावांच्या तारखा, सारावाढीचे टक्के व समितीचे निष्कर्ष यांना मात्र कागदपत्रांचाच आधार लागतो. चांगल्या फलकाने कोणी, केव्हा आणि कोठे या प्रश्नांबरोबर कशासाठी आणि कोणाच्या खर्चाने या प्रश्नांचेही उत्तर द्यावे, आणि ते गुजराती, हिंदी व शक्य असेल तेथे मराठीतही असावे, कारण खानदेशातून येणारी माणसे या शहराच्या वर्तमानाचा अविभाज्य भाग आहेत.

२०२८ मध्ये बारडोली सत्याग्रहाला शंभर वर्षे पूर्ण होतील. त्या निमित्ताने आश्रमाची डागडुजी होईल, संग्रहालयात नवी दालने येतील, पुतळ्यांना हार पडतील, आणि हे सारे योग्यच आहे. परंतु शताब्दीचे खरे मोल तेव्हाच ठरेल, जेव्हा छावण्यांची गावे नकाशावर नोंदली जातील, हिजरतीच्या वाटा ओळखल्या जातील, हळपती वस्त्यांच्या इतिहासाला शाळेतील मुलांच्या सहलीत जागा मिळेल आणि ऊसतोडणी मजुराच्या प्रश्नाला साऱ्याच्या प्रश्नाइतक्याच गांभीर्याने हात घातला जाईल. निःपक्षपाती चौकशी ही १९२८ मधली मागणी होती. बारडोलीच्या स्मृतीला आजही तीच मागणी स्वतःच्या बाबतीत मान्य करावी लागेल, आणि ती मान्य करण्याचे धैर्य या भूमीच्या परंपरेत निश्चितच आहे.